नाळ

ग्रुपचं नाव मीच ठेवलं होतं : वारा आणि भाव.
दुसरं काही टाकू नये, असं वर लिहिलंही होतं.
पहाटे चारला कुणीतरी टाकायचं, मतलई सुटली.
दुपारी लिलावावरून : सुरमई सातशे, बांगडा पडला.
कधी सौंदाळ्यांच्या ढिगाचा फोटो,
कधी वाहून गेलेल्या वल्ह्याची चौकशी.
रुझारला लिहायचा कंटाळा, तो बोलूनच पाठवायचा.
त्याच्या आवाजामागं त्यांची कोंबडी ओरडायची
आणि त्रेसिना तिला हाकलायची.
एकशे बारा माणसं, एक बंदर.

मग कंपनीची जेटी आली. म्हणजे जेटी नाही,
जेटीची बातमी.
हवी म्हणणारे, नको म्हणणारे,
आणि आम्ही काही, ज्यांना आधी विचारायचं होतं
की ती कुठल्या खडपावर बांधणार.
आमचा प्रश्न वर सरकत गेला. दिसेनासा झाला.

एका रात्री मारहाणीचा व्हिडिओ. चाळीस सेकंद.
खाली : आपल्याच बंदरात, आज सकाळी, आपल्याच माणसांना.
पाहिला. पुढं पाठवला.
मीही पाठवला.

काय पाहिलं नाही, ते आता सांगतो.
आम्ही मैलभरावरून, डोळ्यांवर ऊन असताना,
नुसत्या नाळेवरून होडी ओळखतो :
ही कोयंड्यांची, ही वेंगुर्ल्याकडची, ही परकी.
त्या चाळीस सेकंदांत माणसांच्या मागं
सहा होड्या ओढून ठेवलेल्या.
एकीचीही नाळ आमच्याकडची नव्हती.
आणि सकाळचा सूर्य
समुद्रावर वीतभर वर आलेला.
आमच्या समुद्रात तो जन्मापासून बुडतो.

रुझारनं त्या रात्री लिहिलं. बोलला नाही, लिहिलं :
ह्याका तूच जबाबदार.
मी काय लिहिलं ते इथं सांगण्यासारखं नाही.
त्याच्या बापानं मला पोहायला शिकवलं होतं,
कमरेला सुंभ बांधून.
करड्या अक्षरांत ओळ उमटली, रुझार बाहेर पडला,
मागोमाग एक्केचाळीस जण.
त्यांच्या ग्रुपचं नाव, खरं बंदर.

लिलावाला बर्फाच्या ह्या बाजूला आम्ही, त्या बाजूला ते.
दलाल तेवढा दोन्ही ग्रुपांत.
इकडं सुरमई सहाशे सांगायचा, तिकडं साडेपाचशे.

पौषात माझं इंजिन बंद पडलं.
देवगडचा दीप टाचणीएवढा, मग तोही नाही.
रेंज गेलेली. फोनच्या काचेत
माझंच तोंड, खालून उजळलेलं.
वायरलेसचा डबा उघडला.
सोळा नंबरावर कुणाला काढून टाकता येत नाही,
तिथं माझ्यासारखा ॲडमिन नसतो.
मी हाक घातली. खरखर. पुन्हा घातली.
मग,
'उमाजी? खंय आसस?'
आवाजामागं कोंबडी नव्हती, फक्त पाणी.
'अठरा वाव. दीपाच्या सरळ पश्चिमेक.'
'दिवो पेटव. येतंय.'

तीन तास ओढलं त्यानं मला.
मध्ये चाळीस हात दोर आणि शब्द एकही नाही.
उजाडता उजाडता रेंज आली
आणि दोन्ही होड्यांवर फोन वाजत सुटले,
रात्रभराचं सगळं एकदम.
पाण्यावरून त्याचाही ऐकू येत होता.
तो वाकला. वाचत राहिला.
दोर सैल पडला, पाण्याला टेकला.
मी काही बोललो नाही.
मग हळूहळू तो पुन्हा ताठ झाला.

दोर अजून माझ्या पडवीत आहे,
टोकाला त्याच्या निळ्या रंगाची खूण.
'दोर घेऊन जा' असं पाठवलं होतं.
एकच टिक आली, दोन आठवडे झाले, अजून एकच.
त्याचं घर माडांपलीकडं, शंभरेक पावलं.

काल पाहिलं तर दोराच्या वेटोळ्यात
त्यांची कोंबडी बसलेली.
हाकलली. खाली अंडं, ऊन.
आता परत करायच्या वस्तू दोन झाल्या.